गेटवरचा मामा आणि बोलायची खोली

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, आमच्या शाळेच्या संस्थेकडे यंदा एकाच माणसाचे पैसे आहेत. गेटला वॉचमन घेऊ की समुपदेशक?" मी हसले. त्याचा राग मानू नकोस. असाच प्रश्न माझ्यासमोरही आला होता आणि मी अगदी ठासून चुकीचं उत्तर दिलं होतं. म्हणून हे लिहून पाठवते. फोनवर सांगायला गेलं की तू "हं, हं" करतेस आणि निम्मं कुकरच्या शिट्टीत जातं.

आधी माझी चूकच सांगते.

मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षी आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवरून नववीची पोरं उड्या मारायची. भिंतीपलीकडे ऊस, उसापलीकडे एसटी स्टँड. पालकसभेत आरडाओरडा झाला. बाहेरची टोळकी आत येतात, असंही कुणी उठवलं. संस्थेनं पैसे दिले. मी भिंत दोन फूट वाढवली आणि वर सिमेंटात काचा रोवल्या. अध्यक्ष येऊन बघून गेले, "आता कसं!" म्हणाले. मलाही छाती फुगल्यासारखं झालं. दोन महिन्यांनी, भर पावसात, आमचे शिपाईमामा एका पोराला ओट्यावर बसवून त्याचा तळहात नळाखाली धरून बसलेले दिसले. काच खोल गेली होती. मामांनी खिचडीच्या खोलीतून हळद आणली, स्वतःचा रुमाल फाडून बांधला. दवाखाना, टाके, पालकांना निरोप हे सगळं त्यानंतर.

संध्याकाळी किल्ल्या द्यायला आले तेव्हा मामा दारातच घुटमळले. म्हणाले, "बाई, त्ये पोरगं हुंदडाय जात न्हाई. तिसऱ्या तासाला जातंय आन् चौथ्याला माघारी येतंय. त्येला उभं करून मोठ्यानं वाचाय लावत्यात. त्येला अक्षरं लागत न्हाईत."

तिसरा तास इंग्रजीचा होता. पोरगं पाचवीपासून आमच्याच शाळेत. पाच वर्गशिक्षक झाले, शेकडो वेळा हजेरी झाली, आणि कुणाला पत्ता नव्हता. पुढं पुण्याला नेऊन तपासणी झाली, अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला, दहावीला बोर्डाच्या सवलतीतून जादा वेळ मिळाला, आणि पोरगं पास झालं. काचा मी हातोडीनं फोडून काढायला लावल्या. रोवायच्या मजुरीपेक्षा काढायची मजुरी जास्त पडली.

तर तुझ्या प्रश्नाकडे येते. वॉचमन की समुपदेशक, असं विचारतात तेव्हा विचारणाऱ्याच्या डोक्यात बारा महिने चोवीस तासांचा वॉचमन असतो. त्याचा हिशेब कुणी कागदावर मांडत नाही, तो तू मांड. चोवीस तास एक माणूस गेटवर ठेवायचा तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या होतात. त्यात साप्ताहिक सुट्टी आणि आजारपण धरलं की चार माणसं लागतात. तेवढे पैसे नसतात, म्हणून एजन्सी दोन माणसं देते आणि बारा-बारा तास उभी करते. मग दुपारी तीन वाजता खुर्चीत मान टाकून झोपलेला वॉचमन दिसतो आणि आपण त्याला नावं ठेवतो. आता मला सांग, रात्री शाळेत राखायचं काय असतं? संगणक आणि पोषण आहाराचा तांदूळ. त्याला दणकट कुलूप, आवारात एक दिवा आणि शेजारच्या घराशी चांगले संबंध एवढं पुरतं. मुलं असतात सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. माणूस त्या वेळात हवा. रात्रपाळीचे जे पैसे वाचतील, त्यात आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक बसतो. माझ्या शेवटच्या तीन वर्षांत मी हेच केलं.

तुला वाटेल, शिपाई आहेतच की. नाहीत. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांतली शिपाई, पहारेकरी ही चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी संपत गेली आणि त्यांच्या जागी शिपाई भत्ता आला. मुंबईकडे महिना १०,००० रुपये, पुण्याकडे ७,५००, आपल्यासारख्या तालुक्याच्या गावांना ५,०००. मामा निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर पाच हजार रुपये आले. पाच हजार रुपये गेटवर उभे राहत नाहीत, पोराचा हात नळाखाली धरत नाहीत. उरलेली रक्कम संस्थेला घालावीच लागते, हे पहिल्या बैठकीतच बोलून टाक. नंतर बोलायला जड जातं.

माणूस निवडताना तू स्वतः बस. शिक्षक नेमताना मुलाखत घेतेस, तशीच घे. सकाळी प्रत्येक मुलाला शाळेतला पहिला मोठा माणूस दिसतो तो हाच. एजन्सीकडून घेणार असशील तर एजन्सीचा खासगी सुरक्षा कायद्याखालचा परवाना बघ, पण तेवढ्यावर थांबू नकोस. ज्या माणसाला उभं करणार त्याची स्वतःची पोलीस पडताळणी हातात आल्याशिवाय त्याला आवारात घेऊ नकोस. सफाईवाला, व्हॅनचा ड्रायव्हर, गॅदरिंगचा मांडववाला, सगळ्यांना हाच नियम. करारात एक ओळ माझ्या सांगण्यावरून घाल: माणूस बदलायचा तर महिनाभर आधी कळवायचं. दर महिन्याला नवा चेहरा आला तर तो मुलांना ओळखत नाही, मुलं त्याला ओळखत नाहीत. मग तो वर्दी घातलेला परकाच.

मी उमेदवारांना एकच प्रश्न विचारायचे. "पोरगं अर्धा तास उशिरा आलं, काय करशील?" निम्मे म्हणायचे, "बाहेर उभं करीन, शिस्त लागते." त्यांना मी चहा पाजून परत पाठवायचे. उशिरा आलेल्या मुलाला गेटबाहेर ठेवणं याइतकी धोक्याची गोष्ट शाळेत दुसरी नाही. घरच्यांना वाटतं मूल शाळेत आहे, शाळेला वाटतं घरी आहे, आणि मूल रस्त्यावर असतं. मुलाला आत घ्यायचं, पाणी द्यायचं, नाव वहीत लिहायचं. "कुठं उंडारत होतास?" हे मामांनी विचारायचं नाही. विचारायचं असेल ते वर्गशिक्षकांनी, तेही खाजगीत. सलग तीन दिवस एकाच मुलाचं नाव उशिराच्या वहीत आलं, तर ती वही माझ्या टेबलावर.

या वहीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझ्या अनुभवात शाळेतली सगळ्यात मोलाची वही हीच. जनरल रजिस्टरसुद्धा तिच्यानंतर. शंभर पानी साधी वही, रकाने नाहीत. मामांनी दिवसभरात जे डोळ्यांत भरेल ते लिहायचं. लिहिता येत नसेल तर शनिवारी सांगायचं, मी लिहायचे. शनिवारी शाळा लवकर सुटली की दहा मिनिटं चहा आणि तीन नावं. कोण पहाटेपासून गेटशी येऊन बसतं, सुटल्यावर कोण घरी जायला रेंगाळतं, कोणाला न्यायला येणारा माणूस बदलला, कोण डबा न उघडता परत नेतं. असल्या गोष्टी शिक्षकाला दिसत नाहीत, कारण त्याचं तोंड फळ्याकडे असतं. आठवीतली एक मुलगी साडेदहाच्या शाळेला साडेआठला येते, हे मामांनी तीन शनिवार सांगितलं. मी तीनदा "अभ्यासू असेल" म्हणाले. चौथ्या शनिवारी मामा चहा न पिता गेले. मग मी मुलीच्या घरी गेले. आई गेल्यावर घरात कोण राहायला आलं होतं ते तिथं कळलं. पुढचं लिहीत नाही. पण एवढं नक्की, की कॅमेऱ्यानं ती मुलगी रोज साडेआठला येताना टिपली होती आणि कॅमेऱ्याला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

आता कॅमेऱ्यांचं बघू. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या सफाई कामगारानं दोन लहानग्या मुलींवर अत्याचार केल्याचं उघड झालं, लोक रेल्वे रुळांवर बसले, आणि २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थी सुरक्षा समिती, २०२२ पासून कागदावर असलेल्या सखी सावित्री समित्या कामाला लावणं. फुटेज आठवड्यातून किमान तीनदा तपासायचं, ही जबाबदारी मुख्याध्यापकांची. म्हणजे तुझी. कॅमेरे लावच, त्यात वाद नाही. कुठं लावायचे यात मात्र डोकं घाल. गेट, जिना, व्हरांड्याची टोकं आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट, एवढ्या ठिकाणी हवेतच. स्वच्छतागृहाच्या आत कधीच नाही. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती ऐक: समुपदेशकाच्या खोलीच्या दारावर कॅमेऱ्याचं तोंड येता कामा नये. आमच्याकडे ते आलं होतं. ऑफिसातल्या पडद्यावर दिवसभर दिसायचं, कोण आत गेलं, किती वेळ बसलं, डोळे पुसत बाहेर आलं का. क्लार्क बघायचे, पावती फाडायला आलेले पालक बघायचे. तीन आठवडे त्या खोलीत कुणी फिरकलं नाही आणि आम्ही समजलो, मुलांना गरजच नाही. कॅमेरा हातभर वळवला, मग चिमण्या यायला लागल्या.

पासवर्ड तुझ्याकडे आणि पर्यवेक्षकांकडे. संस्थेचे सचिव मोबाईलवर थेट बघायला मागतील. आमच्या सचिवांनीही मागितलं होतं. मी म्हटलं, लेखी ठराव करा, कोण कधी बघतं याची नोंदवही ठेवा. ते पुन्हा बोलले नाहीत. फुटेजची एकही क्लिप व्हॉट्सॲपवर जाता कामा नये, भांडणाची गंमत म्हणूनसुद्धा. डीव्हीआरमध्ये किती दिवसांचं साठतं ते तंत्रज्ञाकडून लिहून घे, आणि महिन्यातून एकदा मागच्या तारखेचं काढून बघ. बंद पडलेला कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्याहून वाईट, कारण त्याच्या भरवशावर माणूस हलवलेला असतो.

दप्तरतपासणीची टूम दर वर्षी निघते. कुणाच्या दप्तरात चाकू सापडला, अशी बातमी येते आणि पालकसभा गेटवर तपासणी मागते. आम्ही एकदा केली. मामांनी एका सातवीतल्या मुलीचं दप्तर सगळ्यांदेखत उघडलं आणि आतून सॅनिटरी पॅड खाली पडले. मुलं हसली. ती मुलगी पुढे आठवडाभर शाळेत आली नाही. मामा बिचारे माझ्यासमोर रडले; त्यांचा काय दोष, हुकूम माझा होता. तपासणी करायचीच वेळ आली तर संशयाचं ठोस कारण हवं, बंद खोली हवी, मुलीसाठी बाई हव्यात, आणि मुलाला स्वतःच्या हातानं दप्तर उघडू द्यावं. गेटवर ओळीनं उभं करून कधीच नाही. त्यानं मुलं एकच शिकतात: लपवायचं कुठं.

आता समुपदेशक. पदवी बघ, मानसशास्त्रातली एमए आणि समुपदेशनाचा अभ्यासक्रम, किंवा समाजकार्यातली एमएसडब्ल्यू. गावातले 'प्रेरणादायी वक्ते' दारात येतील, दोन तासांत चारशे मुलांना रडवून जातील. त्यांना हार घालून पाठव, खोली देऊ नकोस. एकट्या शाळेला परवडत नसेल तर तालुक्यातल्या दोन-तीन शाळांनी मिळून एक माणूस घ्या आणि वार वाटून घ्या. समाजकार्य महाविद्यालयाचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी मिळतात, तेही चांगले असतात. पण ते वर्ष संपलं की जातात. मुलानं नोव्हेंबरात काळीज उघडायचं आणि मार्चमध्ये ऐकणाऱ्या ताई निघून जायच्या, असं होऊ देऊ नकोस. त्यांच्या जोडीला आपल्यातल्या एक बाई पहिल्या दिवसापासून बसव.

खोलीच्या दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी नको. आमच्या पोरांनी तिला 'बोलायची खोली' म्हणायला सुरुवात केली, मी तेच राहू दिलं. जूनमध्ये प्रत्येक वर्गातलं प्रत्येक मूल एकदा त्या खोलीत जाऊन येईल असं बघ. पाच मिनिटं, नाव सांगायचं, आवडती भाजी सांगायची, चित्र काढायचं. सगळेच जाऊन आलेले असले की पुढं एखादं एकटं गेलं तर कुणी "वेडा झाला का रे?" म्हणत नाही. आठवीपर्यंतच्या वर्गांना आनंददायी शनिवारचे तास असतात, त्यांचं त्यात बसतं, वेळापत्रक मोडावं लागत नाही.

आणि एक शपथच घे म्हण. गेटवरचा माणूस आणि समुपदेशक, दोघांनाही दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. शाळेचा स्वभावच असा असतो की जो मोकळा दिसतो त्याला काम चिकटतं. मामा गट शिक्षणाधिकारी कार्यालयात टपाल घेऊन गेले, तेवढ्यात गेट उघडं. समुपदेशक ताईंना ऑफ तासावर पाठवलं, गॅदरिंगचा नाच बसवायला घेतलं, पेपरला पर्यवेक्षणाला बसवलं. एकदा त्या वर्गावर ओरडल्या की संपलं, त्यांच्याजवळ कोण मन मोकळं करणार? उलटंही तसंच. मामांनी मुलांची चौकशी करायची नाही, कबुली घ्यायची नाही, समजावत बसायचं नाही. बघायचं, लिहायचं, पाणी द्यायचं, मला सांगायचं.

तक्रारपेटी ऑफिससमोर लावू नकोस. आम्ही पाण्याच्या टाकीमागं लावली, कारण तिथं जायला कुणाला कारण लागत नाही. दोन कुलपं, दोन किल्ल्या, एक माझ्याकडे, एक सखी सावित्री समितीतल्या अंगणवाडी सेविकेकडे. पहिला महिनाभर आत चॉकलेटचे कागद आणि गणिताच्या सरांना शिव्या. शिव्यांचं उत्तरही मी परिपाठाला गंभीरपणे द्यायचे, म्हणजे मुलांना कळायचं की चिठ्ठी वाचली जाते. चौथ्या महिन्यात एक चिठ्ठी आली, वहीच्या कोपऱ्याएवढी: "मला घरी जावंसं वाटत नाही." सगळ्या शिक्षकांनी एकच सुचवलं, अक्षर जुळवून बघू, निबंधाच्या वह्या आणा. मी नको म्हटलं. अक्षर जुळवलं असतं तर एक मूल सापडलं असतं आणि सहाशे मुलांनी पुन्हा कधी लिहिलं नसतं. परिपाठाला सांगितलं, "ज्यानं ती चिठ्ठी लिहिली, त्याची मी गुरुवारी लांब सुट्टीत वाचनालयात वाट बघते. सोबत मित्र आणला तरी चालेल." दोन गुरुवार मी एकटीच वर्तमानपत्र वाचत बसले. तिसऱ्या गुरुवारी दोघी आल्या, त्यातली बोलायला आलेली कोण आणि सोबतीण कोण, हे कळायलाच अर्धा तास गेला.

इथं कायद्याचं एक सांगते, नीट वाच. समुपदेशक म्हणजे गुपित राखणारा, हे खरं, पण एका गुपिताला कायदाच मुभा देत नाही. लैंगिक अत्याचाराचं कळलं की पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवावंच लागतं. नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडपला तर वर्षभरापर्यंतची. संस्था म्हणेल, "शाळेचं नाव जाईल, आधी आपण घरात बसून बोलू." बसू नकोस. मुलाचं नाव मात्र कुठंही फुटू द्यायचं नाही, शिक्षक कक्षातसुद्धा नाही. आणि ही मर्यादा मुलाला आधी सांगायची, ऐकून घेतल्यावर नाही. आमच्या ताई पहिल्याच भेटीत म्हणायच्या, "तुझं मी कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर तुला मदत करणाऱ्या माणसाला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." मुलं हे समजतात. फसवणूक तेवढी समजून घेत नाहीत.

जिवाच्या धोक्याचं आलंच आहे तर एवढं सांगते. मूल जगण्याला कंटाळल्याचं बोललं की घाबरून विषय बदलू नकोस. सरळ विचार, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्यानं डोक्यात ते शिरत नाही, उलट ओझं हलकं होतं. मग त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या सिव्हिलमधलं मानसिक आरोग्याचं पथक गाठायचं. टेली-मानसचा १४४१६ आणि मुलांचा १०९८ हे दोन आकडे प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घे. दोन्ही फुकट, दिवसरात्र. इथंच तुझ्या दोन माणसांची कामं एकत्र येतात बघ. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, प्रयोगशाळेचं कपाट बंद आहे का, विहिरीवर जाळी आहे का, हे बघायचं वॉचमननं. कोणत्या मुलासाठी जास्त बघायचं, हे सांगायचं समुपदेशकानं, कारण न सांगता. "या आठवड्यात अमक्याकडे जरा लक्ष," एवढंच. निकालाच्या दिवशी दोघंही हजर हवेत. आणि निकालाआधीच्या पालकसभेत शेतकरी पालकांना हात जोडून सांग, फवारणीचं औषध घरात उघडं ठेवू नका, कुलपात ठेवा. ते सांगितल्यावर सभेत शांतता होते, होऊ दे.

संस्थेला समजावायला तुला दोन आधार देते. एक गुरुग्रामचा. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या एका बड्या शाळेत दुसरीतल्या मुलाचा स्वच्छतागृहात खून झाला. उंच भिंती, गेट, बस, सगळं होतं. पोलिसांनी बसचा कंडक्टर धरला. देशभर लोक म्हणाले, खालच्या कर्मचाऱ्यांना आत येऊ देऊ नका. पुढं तपास सीबीआयकडे गेला, कंडक्टर सुटला, आणि आरोप आला त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्यावर. परीक्षा आणि पालकसभा पुढं जावी म्हणून, असं सीबीआयचं म्हणणं. बदलापूरला धोका बाहेरून कामाला आलेल्या माणसाकडून होता, इथं बाकावर बसलेल्या मुलाकडून असल्याचं तपासयंत्रणा म्हणते. एकाला पडताळणी लागते, दुसऱ्याला ऐकणारं माणूस. एकानं दुसऱ्याचं काम भागत नाही.

दुसरा आधार सर्वोच्च न्यायालयाचा. २५ जुलै २०२५ ला विशाखापट्टणममधल्या नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयानं सगळ्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता. त्याहून लहान शाळेनं बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. 'इतर कर्मचाऱ्यां'त तुझा वॉचमन येतो, त्याला त्या दिवशी गेटवर ठेवू नकोस, पहिल्या ओळीत बसव.

आता युक्ती सांगते, ही माझी स्वतःची. २०२४ चा शासन निर्णय आणि २०२५ चा निकाल, दोन्ही एकाच विषयपत्रिकेत, एकाच क्रमांकाखाली, एकाच ठरावात घाल. विषय क्रमांक ३: विद्यार्थी सुरक्षा. वेगवेगळे घातलेस तर कॅमेऱ्याचा ठराव टाळ्यांत मंजूर होतो आणि समुपदेशकाचा "पुढील सभेत". कॅमेऱ्याचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. बोलायच्या खोलीत काय झालं याचा फोटो निघत नाही, निघूही नये. संस्थाचालक वाईट नसतात गं, पण त्यांना दिसणारी गोष्ट आवडते. ठराव एक असला की त्यांना दोन्ही घ्यावं लागतं.

व्हॅनवाल्यांचं तू जाणतेसच. परिवहन समितीची बैठक जूनमध्येच घे, गाडीत मदतनीस बाई आहे का बघ, नवीन माणूस मूल न्यायला आला तर फोन करून खात्री केल्याशिवाय सोडायचं नाही. यात नवं काही नाही, फक्त कंटाळा करू नकोस.

वॉचमनला बसायला खुर्ची दे, छत दे, स्वच्छतागृह दे आणि पगार पाच तारखेच्या आत दे. स्वतः अपमानित असलेला माणूस मुलांवर तो अपमान उतरवतो, हे मी एकदा पाहिलं आहे, दुसऱ्यांदा पाहायची इच्छा नाही.

मामांची जुनी वही माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आणून दिली. तुला दाखवीन, पण नेऊ देणार नाही, नावं आहेत तीत. शाळा उघडेल त्या दिवशी साडेनऊला ऑफिसात बसू नकोस, गेटवर नव्या माणसाच्या शेजारी उभी राहा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव त्याला सांग. पहिल्या दिवशी हमखास पाऊस असतो, दोन छत्र्या ने.